मशीनची वाटणी जुनी झालेली नाही

"पार्टिशन? ते मेनफ्रेमच्या जमान्यातलं. आता हायपरवायझर टाकायचा, बारा व्हीएम उभ्या करायच्या, कोअर कुणाला कधी द्यायचा ते तो बघून घेतो." हे मी इतक्या बैठकांत ऐकले आहे की पुढचे वाक्यही पाठ झाले आहे: "कोअर अडवून ठेवणं म्हणजे पैसे पाण्यात." असे म्हणणारी माणसे अडाणी नसतात. त्यातली काही माझ्याहून चांगला कोड लिहितात. पण या बाबतीत ती चुकतात, आणि ही चूक लहान नाही. तिच्या भरवशावर सर्व्हर विकत घेतले जातात, कारखान्यात लाइन उभी राहते, गाड्यांचे डॅशबोर्ड घडवले जातात. म्हणून एकदा सविस्तर उत्तर द्यायचे ठरवले.

वाद नेमका कशाचा, ते आधी सांगते. आजच्या कुठल्याही सर्व्हरमध्ये डझनावारी कोअर असतात. खिशातल्या साध्या फोनमध्येही आठ असतात. अशा एका यंत्रावर दोन-चार ऑपरेटिंग सिस्टिम एकाच वेळी चालवायच्या तर रस्ते दोन. पहिला वाटणीचा: हे चार कोअर, ही सोळा जीबी मेमरी आणि हे नेटवर्क कार्ड हिच्या नावावर, उरलेले तिच्या नावावर, आणि मधली हद्द कुणी ओलांडायची नाही. दुसरा रस्ता सामाईकीचा: सगळे कोअर एका ढिगात ठेवायचे आणि हायपरवायझर नावाच्या कारभाऱ्याने दर काही मिलिसेकंदांनी ठरवायचे की आता कोण पळणार आणि कोण थांबणार. शेतीच्या भाषेत, पहिल्यात पोटहिस्से पडलेले असतात. दुसऱ्यात सातबारा एकच, आणि पाणी ज्याची पाळी त्याला. दोन्ही तऱ्हांनी शेती होते. माझे म्हणणे एवढेच की जिथे कामाला वेळेचे बंधन आहे, जिथे एकाची पडझड दुसऱ्याला लागता कामा नये, किंवा जिथे एकमेकांना न ओळखणारी माणसे एकाच चिपवर नांदतात, तिथे वाटणीच हवी. आणि वाटणी मागे पडली हे विधान तर इतिहासालाच धरून नाही.

इतिहासापासूनच सुरुवात करू, कारण "जमाना" हा शब्द समोरूनच आला आहे. व्हर्च्युअल मशीन ही कल्पना गेल्या वीस वर्षांतली नाही. आयबीएमच्या केंब्रिज इथल्या संशोधन केंद्रात १९६०च्या दशकात ती घडली, आणि २ ऑगस्ट १९७२ रोजी व्हीएम/३७० या नावाने ती अधिकृतपणे बाजारात जाहीर झाली. एका मेनफ्रेमवर प्रत्येक माणसाला स्वतःचे आख्खे यंत्र असल्याचा भास, आणि खाली सगळे सामाईक. आज ज्याला आधुनिक म्हणतात ते हेच. लॉजिकल पार्टिशन मात्र त्यानंतर आले. अ‍ॅमडाल कंपनीने १९८०च्या दशकात आपल्या मेनफ्रेममध्ये यंत्राचे स्वतंत्र हिस्से पाडण्याची सोय दिली, आणि १९८८ साली आयबीएमने ३०९० मालिकेवर तशीच सोय देणारे पीआर/एसएम आणले. म्हणजे क्रम उलटा आहे. सामाईक पद्धत आधी होती. ती सोळा वर्षे वापरलेल्या गिऱ्हाइकांनीच वाटणी मागून घेतली. का मागितली? कारण बँकेचा रोजचा व्यवहार आणि चाचणीसाठी उभी केलेली नवी सिस्टिम एकाच यंत्रावर होत्या, आणि चाचणीतल्या चुकीने व्यवहार थांबणे त्यांना परवडत नव्हते.

पुढचे तर आणखी बोलके आहे. २००३ साली झेड९९० ही मेनफ्रेम आली तेव्हा आयबीएमने पार्टिशनशिवाय यंत्र चालू करण्याची सोयच काढून टाकली. तेव्हापासून त्या घराण्यातले यंत्र निदान एका पार्टिशनशिवाय चालतच नाही. ज्यांनी हायपरवायझर जगाला दिला, त्यांनी हे केले.

इथे कुणी म्हणेल की पीआर/एसएमसुद्धा कोअर फिरवून देते, मग ती वाटणी कसली? आक्षेप खरा आहे. पीआर/एसएममध्ये पार्टिशनला कोअर कायमचे देता येतात किंवा ठरलेल्या वजनानुसार सामाईक कोअरमधला वाटा देता येतो. पण दोन गोष्टी पाहा. मेमरी सामाईक नसते. जेवढी लिहून दिली तेवढी त्या पार्टिशनची. आणि कोअर सामाईक ठेवायचे की नावावर करायचे, हे आधी ठरते, कागदावर येते. रात्री दोनला शेड्यूलरच्या मनात काय आले त्यावर ते अवलंबून राहत नाही. माझा आग्रह ताठरपणाचा नाहीच. कुणाला किती मिळणार हे आधी सांगा आणि दिलेले पाळा, इतकेच मागणे आहे.

युनिक्सच्या जगातही हेच घडले. १९९७ साली सन कंपनीने एंटरप्राइज १०००० हे यंत्र आणले. त्याचे टोपणनाव स्टारफायर. १६ सिस्टिम बोर्ड, प्रत्येकावर चारपर्यंत अल्ट्रास्पार्क प्रोसेसर, म्हणजे एकूण ६४. मूळ रचना क्रे कंपनीच्या एका विभागाची होती. सिलिकॉन ग्राफिक्सने १९९६ साली क्रे विकत घेतली आणि हा विभाग थेट आपल्या प्रतिस्पर्ध्याला, सनला, विकून टाकला. त्या प्रतिस्पर्ध्याने पुढची काही वर्षे त्याच यंत्रावर बाजार गाजवला. त्याचे कारण मला नुसता वेग वाटत नाही. स्टारफायरमध्ये बोर्डांचे गट करून डोमेन पाडता येत. प्रत्येक डोमेनमध्ये सोलारिसची स्वतंत्र प्रत, स्वतंत्र बूट, स्वतंत्र पॅच. परक्या डोमेनमधल्या बोर्डाकडून मेमरीची मागणी आली तर जोडणीच्या चिपांमध्येच ती अडायची. सॉफ्टवेअरच्या भलेपणावर काहीच सोपवलेले नव्हते. एका डोमेनमधला बोर्ड ढिला करून बाहेर काढायचा, त्याच कपाटातली बाकीची डोमेन चालूच. ज्यांनी हे समोर पाहिले आहे, ते वाटणीला ओल्ड फॅशन्ड म्हणणार नाहीत.

मग वाटणीची सोय घेऊन २००० साली एचपीची सुपरडोम आली, २००१ साली आयबीएमची पॉवर४ वरची पी६९०. त्याआधी १९९९ मध्ये ओपनव्हीएमएसला गॅलक्सी मिळाली. ओपनव्हीएमएस म्हणजे आपल्या रेल्वेच्या आरक्षण खिडकीमागे वर्षानुवर्षे राबलेली ऑपरेटिंग सिस्टिम. गॅलक्सीत एका अल्फा सर्व्हरवर ओपनव्हीएमएसच्या अनेक प्रती शेजारी शेजारी चालत. एका प्रतीवर ताण आला तर दुसरीचा प्रोसेसर एका आज्ञेने तिच्याकडे सरकवता येई, कुणालाही बंद न करता. "वाटणी म्हणजे दगडावरची रेघ" असे ज्यांना वाटते त्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे. हद्द असणे आणि हद्द हलवता न येणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि ज्या कंपनीच्या नावाने आज हायपरवायझरची शपथ घेतली जाते, तिचे मूळ कुठे आहे? १९९७ साली स्टॅनफर्डच्या बुन्यों, डिव्हाइन आणि रोझेनब्लुम यांनी डिस्को नावाच्या प्रकल्पावर निबंध प्रसिद्ध केला. त्यांचा प्रश्न असा होता: अनेक प्रोसेसरांची मोठी यंत्रे आली, पण एकच ऑपरेटिंग सिस्टिम एवढ्या प्रोसेसरांवर नीट पसरत नाही, मग त्या यंत्रावर नेहमीच्याच ऑपरेटिंग सिस्टिमच्या अनेक प्रती का चालवू नयेत? पुढच्याच वर्षी यातूनच व्हीएमवेअर उभी राहिली. म्हणजे आजच्या व्हर्च्युअलायझेशनच्या गंगोत्रीशी उभा असलेला प्रश्न बहुप्रोसेसर यंत्राच्या वाटणीचाच होता.

आता तांत्रिक मुद्दा. माझ्या मते सगळ्या वादाचा गाभा इथे आहे, आणि बैठकांत नेमका तोच निघत नाही.

अनेक प्रोसेसरांवर चालणारे कर्नल एका गृहीतकावर लिहिलेले असते: माझे सगळे प्रोसेसर आत्ता, या क्षणी चालू आहेत. त्या भरवशावर ते स्पिनलॉक वापरते. एका प्रोसेसरने एखादी यादी बदलायला घेतली की तो कुलूप लावतो. दुसऱ्याला तीच यादी हवी असेल तर तो दारातच गोल गोल फिरत थांबतो. झोपायला जात नाही, कारण कुलूप काही मायक्रोसेकंदांतच निघणार हे त्याला ठाऊक असते. खऱ्या यंत्रावर ते निघतेही. आता हेच कर्नल सामाईक कोअरांवर ठेवा. त्याला चार व्हर्च्युअल प्रोसेसर दिसतात. पहिल्याने कुलूप लावले, आणि नेमक्या त्या क्षणी हायपरवायझरने त्याच्याखालचा खरा कोअर काढून शेजारच्या व्हीएमला दिला. कुलूप लावणारा किल्लीसकट गायब. उरलेले तिघे दारात फिरत राहतात, काही मायक्रोसेकंद नव्हे, काही मिलिसेकंद. म्हणजे हजारपट. तिघांचे कोअर शंभर टक्के व्यस्त दिसतात, वीज खातात, पंखे फिरतात, आणि काम शून्य. बाहेरून पाहणारा म्हणतो, "बघा, युटिलायझेशन काय सुंदर आहे!"

हा माझा शोध नाही. हायपरवायझर बनवणाऱ्यांना तो पुरता माहीत आहे. व्हीएमवेअरच्या ईएसएक्सने सुरुवातीला उपाय केला तो असा की एका व्हीएमचे सगळे व्हर्च्युअल प्रोसेसर एकत्रच चालवायचे, नाहीतर सगळे थांबवायचे. त्यात कोअर रिकामे राहू लागले, म्हणून पुढच्या आवृत्तीत नियम सैल केला. इंटेलने प्रोसेसरमध्येच सोय केली: कुणी फार वेळ जागीच फिरत असेल तर हायपरवायझरला कळवायचे. लिनक्समध्ये पाहुण्या कर्नलसाठी वेगळे, समजूतदार स्पिनलॉक लिहिले गेले. हे सगळे हुशार लोकांचे मेहनतीचे काम आहे आणि मला त्याचा आदर आहे. पण ही सगळी औषधे ज्या रोगावर आहेत, तो रोग वाटणीत होतच नाही. कोअर कुणी काढूनच घेत नाही, तर कुलूप लावणारा जाणार कुठे?

एक प्रसंग सांगते. पुण्याजवळच्या एका कारखान्यात एक औद्योगिक पीसी बसवला होता. कारखान्याचे नाव घेण्याची गरज नाही. यंत्र आठ कोअरचे. त्यावर दोन ऑपरेटिंग सिस्टिम: एक लिनक्स, कॅमेऱ्याने सुट्या भागांची तपासणी करणारी, आणि एक रिअल-टाइम सिस्टिम, खराब भाग ढकलून देणारा हात चालवणारी. त्या हाताच्या नियंत्रणाचे चक्र दर मिलिसेकंदाला पूर्ण व्हायला हवे होते. ज्यांनी बसवले त्यांनी नेहमीचा हायपरवायझर टाकला आणि आठही कोअर सामाईक ठेवले. दिवसभर सगळे छान. रात्रपाळीत मात्र तो हात मधूनच चांगला भाग ढकलून द्यायचा आणि खराब भाग पुढे जाऊ द्यायचा. दोन दिवस सगळ्यांनी केबलला दोष दिला, सेन्सर बदलला. शेवटी लक्षात आले की रात्री साठलेल्या फोटोंचे कॉम्प्रेशन सुरू व्हायचे, लिनक्सची बाजू सगळे कोअर भरून टाकायची, आणि नियंत्रणाचे चक्र उशिरा यायचे. सरासरी पाहिली तर उशीर नगण्यच होता. पण हाताला सरासरी कळत नाही. भाग समोरून गेला की गेला.

आम्ही दोन कोअर रिअल-टाइम सिस्टिमच्या नावावर केले. लिनक्सला ते दिसणारच नाहीत अशी व्यवस्था केली, इंटरप्ट हलवले, मेमरी बूट होतानाच बाजूला काढली. हात सुधारला, पण पुरता नाही. फोटोंचा मारा फार झाला की क्वचित एखादे चक्र अजूनही लांबायचे. कारण दोन्ही बाजूंचे कोअर वेगळे झाले तरी शेवटच्या पातळीची कॅश मेमरी आणि मेमरीकडे जाणारा रस्ता सामाईकच होता. शेताला बांध पडला, विहीर एकच राहिली, आणि पलीकडच्याने मोठी मोटार बसवली. इंटेलच्या त्या प्रोसेसरमध्ये कॅशचे कप्पे नेमून देण्याची सोय होती. ती वापरली आणि नियंत्रणाच्या बाजूला तिचे कप्पे दिले. तरीही रोज एखादा झटका यायचाच. तो शेवटी बायोसमध्ये सापडला. जुन्या यूएसबी कीबोर्डसाठी ठेवलेली एक सोय अधूनमधून सगळे कोअर क्षणभर ताब्यात घ्यायची, कुठल्याही ऑपरेटिंग सिस्टिमला न विचारता, न सांगता. ती बंद केली. त्यानंतर आठवडाभर मोजणी ठेवली, एकही चक्र चुकले नाही.

हे मी मुद्दाम पूर्ण सांगितले, कारण समोरच्यांचा सर्वांत चांगला आक्षेप यातच आहे: "साध्या पीसीवर तुमची वाटणी खरी वाटणी नाहीच, कॅश सामाईक, मेमरीचा रस्ता सामाईक, वीजपुरवठा सामाईक, बायोस सगळ्यांच्या डोक्यावर." बरोबर आहे. स्टारफायरसारखी भिंत साध्या चिपवर आयती मिळत नाही. एखादी गंभीर हार्डवेअर चूक झाली तर सगळे यंत्रच बसते. नेटवर्क कार्ड थेट मेमरीत लिहिते, म्हणून त्याच्यासमोर आयओएमएमयू हा पहारेकरी नसेल तर ते शेजाऱ्याच्या मेमरीतही लिहू शकते. पण यातून निष्कर्ष काय काढायचा? बांधाला भगदाड आहे म्हणून बांधच नको, की भगदाड बुजवा? ज्या कारखान्याची गोष्ट सांगितली तिथे वाटणी होती म्हणूनच सामाईक काय उरले ते दिसू शकले. सगळेच सामाईक असते तर शंभर कारणांच्या गर्दीत बायोसचा तो झटका कुणालाच सापडला नसता.

विमानवाल्यांनी हा प्रश्न सर्वांत गंभीरपणे घेतला आहे. बोइंग ७८७ च्या मध्यवर्ती संगणकावर वेगवेगळी कामे एआरआयएनसी ६५३ या प्रमाणानुसार चालतात: प्रत्येक पार्टिशनला वेळेचा ठरावीक तुकडा, मेमरीचा ठरावीक हिस्सा, आणि एकाने वेळ वापरली नाही तरी दुसऱ्याने ती ओरबाडायची नाही. एका कोअरवर हे जमले. अनेक कोअर आले तेव्हा प्रमाणन करणाऱ्या संस्थांच्या सॉफ्टवेअर तज्ज्ञांनी २०१६ साली कास्ट-३२ए हा दस्तऐवज काढला. त्यातला मुख्य आग्रह असा: कोअर एकमेकांना कुठकुठल्या मार्गांनी त्रास देऊ शकतात ते सगळे मार्ग शोधा आणि त्यांचा बंदोबस्त करून दाखवा. वाटणी अवघड झाली म्हणून सोडून द्या, असे त्यांनी म्हटले नाही.

आता पैशाचा मुद्दा. रिकामे कोअर पाहून हिशेबनीसांचा जीव खालीवर होतो, ते मला समजते. पण यंत्र भरलेले असणे आणि काम वेळेवर होणे यांचे नाते सरळ नाही. रांगेच्या सर्वांत साध्या गणितात यंत्र निम्मे भरले असेल तर प्रत्येक कामाला रिकाम्या यंत्राच्या दुप्पट वेळ लागतो. ९० टक्के भरले की दसपट. ९५ टक्क्यांना वीसपट. म्हणजे शेवटचे पाच टक्के कमावताना तुम्ही गिऱ्हाइकाचा थांबण्याचा वेळ दुप्पट करता. जिथे रात्रभरात कधीही झाले तरी चालते, अशा कामाला हा सौदा उत्तम. अहवाल, बॅकअप, चाचण्या यांसाठी मीसुद्धा सामाईक कोअरच घेते. हाताला, ब्रेकला, पैसे वळते करणाऱ्या यंत्रणेला हा सौदा लावू नका.

शिवाय वाटणीत तुकडे फार बारीक पडतात ही ओरडही जुनी झाली. आपल्याकडे जमिनीसाठी १९४७ पासून तुकडेबंदीचा कायदा आहे, कारण गुंठ्यावर बैल फिरत नाहीत. यंत्रातही एकेकाळी आख्ख्या बोर्डाखाली पार्टिशन पडत नसे. पण पॉवर५ आली २००४ साली आणि तिथे पार्टिशनला एका प्रोसेसरचा दहावा हिस्साही देता येऊ लागला, तोही लिहून दिलेल्या हक्काने. ज्यांना लहान तुकडा हवा त्यांना तो मिळतो. फक्त तो किती मिळणार, हे आधी सांगितले जाते.

"एवढंच असेल तर दोन छोटी यंत्रं घ्या ना!" हा दुसरा आक्षेप. ज्या ठिकाणी दोन छोटी यंत्रे ठेवायला जागा, वीज आणि माणूस आहे, आणि दोघांचे आपसात फार बोलणे नाही, तिथे जरूर घ्या. मी स्वतः अनेकांना तसे सांगितले आहे. पण मोटारीत पाहा. वेग दाखवणारा काटा आणि ब्रेकचा लाल दिवा एका ऑपरेटिंग सिस्टिमवर, बहुधा क्यूएनएक्ससारख्या. नकाशा आणि गाणी दुसरीवर, बहुधा अँड्रॉइडवर. आणि दोन्ही एकाच चिपवर. पुण्यात आणि आसपास कितीतरी मराठी मुलेमुली नेमके हेच काम करतात. इथे दुसरी चिप म्हणजे दुसरा बोर्ड, जास्त तारा, जास्त वजन, प्रत्येक गाडीमागे जास्त खर्च. म्हणून एक चिप. पण आयएसओ २६२६२ हे सुरक्षेचे प्रमाण सांगते की कमी महत्त्वाच्या भागाच्या बिघाडाने महत्त्वाच्या भागात ढवळाढवळ होता कामा नये. गाण्याचे अ‍ॅप अडकले म्हणून लाल दिवा उशिरा लागला, हे कुठल्याच कोर्टात टिकणार नाही. तिथे हायपरवायझर असतोच; पण तो कोअर आणि मेमरी नेमून देणारा असतो, वेळोवेळी हिसकावून घेणारा नसतो. सिमेन्सच्या अभियंत्यांनी २०१३ साली खुला केलेला जेलहाउस तर याच विचाराचे शुद्ध रूप आहे. लिनक्स आधी बूट होते, मग जेलहाउस यंत्राचे हिस्से पाडतो आणि बाजूला होतो. त्यात शेड्यूलरच नाही. कोअर ज्याचा त्याचा, म्हणून ठरवायला काही उरतच नाही.

कंटेनरचा मुद्दा मी लवकर संपवते. कंटेनर ही उत्तम सोय आहे, पण त्यात ऑपरेटिंग सिस्टिम एकच असते; कर्नल सगळ्यांचे सामाईक. ते बसले की सगळेच बसले. अनेक ऑपरेटिंग सिस्टिम चालवण्याच्या प्रश्नाला ते उत्तरच नाही.

"लिनक्स आता शेकडो कोअरांवर सहज पसरतं, मग तुकडे कशाला?" असेही विचारतात. पसरते, हे खरे आहे. कर्नलभर पसरलेले एक मोठे कुलूप २०११ साली कायमचे निघाले, आणि त्याआधीच एमआयटीच्या संशोधकांनी ४८ कोअरवर दाखवले होते की नेमक्या दुरुस्त्या केल्या तर लिनक्स चांगले टिकते. डिस्कोच्या लेखकांना पडलेला प्रश्न त्याने बराचसा सुटला. पण तो वाटणीच्या बाजूच्या कारणांपैकी एकच होता. कर्नल कितीही पसरले तरी ते एकच राहते, एकाच वेळी पॅच होते, एकाच वेळी कोसळते. आणि त्यावर रिअल-टाइम सिस्टिम व अँड्रॉइड शेजारी बसत नाहीत.

सुरक्षेचे उदाहरण तर अगदी स्पष्ट आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये इंटेलच्या प्रोसेसरमधली एल१टीएफ ही चूक जाहीर झाली. एकाच कोअरवरचे दोन हायपरथ्रेड सर्वांत आतली डेटा कॅश वाटून घेतात. एका थ्रेडवर एका गिऱ्हाइकाची व्हीएम, दुसऱ्यावर दुसऱ्याची, आणि पहिलीला दुसरीने कॅशमध्ये आणलेली माहिती चोरता येत होती. सल्ला काय निघाला? हायपरथ्रेडिंग बंद करा, नाहीतर एका कोअरचे दोन्ही थ्रेड परक्यांना वाटू नका. लिनक्समध्ये त्यासाठी कोअर शेड्यूलिंग २०२१ साली ५.१४ आवृत्तीत आले. आणि जे क्लाउड सामाईकीचे मोठे उदाहरण म्हणून दाखवले जाते, तिथेही पाहा. अ‍ॅमेझॉनने २०१७ साली नायट्रो आणला, नेटवर्क आणि डिस्कचे काम वेगळ्या कार्डांवर हलवले, आणि आज तिथल्या नेहमीच्या इन्स्टन्सना कोअर व मेमरी नेमून दिलेली असते. दोन गिऱ्हाइकांमध्ये कोअर फिरतो तो स्वस्तातल्या बर्स्टेबल प्रकारात, आणि तसे तिथे लिहिलेले असते. जगातला सर्वांत मोठा घाऊक व्यापारी नेहमीच्या मालात वाटणी करतो, आणि आपण आपल्या सर्व्हर रूममध्ये वाटणीला जुनाट म्हणतो.

लायसन्सचाही विचार करा. ओरॅकलसारख्या कंपन्या हार्ड पार्टिशन मानतात आणि तेवढ्याच कोअरचे पैसे घेतात. सामाईक हायपरवायझरवर हद्द मानत नाहीत. कित्येक कार्यालयांनी सामाईकीत वाचवलेले पैसे असे दुसऱ्या दाराने घालवले आहेत.

वाटणी करायचीच तर ती नीट करा, हे मात्र वाटणीवाल्यांनाही सांगायला हवे. आपल्याकडे शेतीची वाटणी सरस-निरस पाहून होते. नुसते गुंठे मोजून कुणी गप्प बसत नाही. यंत्रातही तेच. दोन सॉकेटच्या सर्व्हरमध्ये प्रत्येक प्रोसेसरजवळ स्वतःची मेमरी असते. पलीकडच्या प्रोसेसरची मेमरी वापरता येते, पण उशिरा. चार कोअर इकडचे आणि मेमरी तिकडची दिली, तर कागदावर वाटणी समान आणि प्रत्यक्षात एक भाऊ दगडावर. नेटवर्क कार्ड कोणत्या बाजूला लागले आहे, तेही पाहावे लागते. मी पाहिलेल्या फसलेल्या वाटण्यांत दोष बहुतेक वेळा या आळसाचा होता, आणि खापर मात्र वाटणीवर फुटले.

तुमचे काम आज भाड्याच्या किंवा कचेरीतल्या लिनक्स व्हीएमवर चालत असेल तर त्यात लॉगिन करा आणि टॉप ही आज्ञा द्या. वरच्या भागात सीपीयूच्या ओळीत शेवटी एसटी असे लिहिलेले दिसेल. तुमच्या व्हीएमला पळायचे होते आणि हायपरवायझरने कोअर दुसऱ्याला दिला होता, त्या वेळेची ती टक्केवारी आहे. दुपारी पाहा, मग महिनाअखेरीच्या रात्री पाहा. आकडा शून्याच्या वर असेल आणि तुमच्या कामाला घड्याळ असेल, तर ज्याने यंत्र दिले त्याच्याकडे दोन गोष्टी लेखी मागा: कोणते कोअर माझे, आणि माझ्याबरोबर सामाईक काय काय आहे. उत्तर आल्याशिवाय कंत्राटावर सही करू नका.